ज्युरासिक कोस्टवर जीवाश्म शोधायला जाताय? आधी ओहोटीची वेळ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेडिंगला राहता, ऑगस्टमध्ये आई-बाबा नाशिकहून येतायत, आठ वर्षांचा मुलगा डायनोसॉरने झपाटलेला आहे आणि एका शनिवार-रविवारात ज्युरासिक कोस्ट, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिणेचा जीवाश्मांसाठी प्रसिद्ध किनारा, बघायचाय. कुठल्या बीचवर जीवाश्म नक्की सापडतील, उचलले तर दंड होईल का, आणि त्याच दिवशी डर्डल डोअर, म्हणजे समुद्रातली ती दगडी कमान, होईल का? आईंचे गुडघे दुखतात हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंय, पण बेत आखताना मी तेच आधी धरणार आहे.

मी पुण्यात भूशास्त्र शिकले. गेली सोळा वर्षं डॉर्सेटमध्ये आहे आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना लाइम रीजिस आणि चारमथच्या किनाऱ्यावर जीवाश्म शोधायला घेऊन जाते. तर पहिली गोष्ट, "कुठल्या बीचवर" यापेक्षा "किती वाजता" हे जास्त महत्त्वाचं. आणि दुसरी, मुलाला काय सापडणार आहे हे त्याला गाडीत बसायच्या आधी खरंखरं सांगा.

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण रडारड तिथेच होते. लाइम आणि चारमथचे कडे म्हणजे सुमारे १९-२० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ. डायनोसॉर जमिनीवर राहायचे. त्यामुळे इथे सापडतात ते समुद्रातले जीव: अमोनाईट (चक्राकार कवचाचे), बेलेम्नाईट (माकुळीच्या नातलगांचे टोकदार, गोळीसारखे अवशेष), शिंपले, आणि नशीब जोरावर असेल तर इक्थिओसॉरचा एखादा मणका. इक्थिओसॉर हा पोहणारा सरपटणारा प्राणी, डायनोसॉर नव्हे. स्केलिडोसॉरससारखा एखादा डायनोसॉर चारमथला सापडलाय, पण बहुधा मेल्यावर वाहत समुद्रात आलेला. हे आधी न सांगता आणलेली मुलं दुपारी दोन वाजता हातात तीन सुंदर अमोनाईट घेऊन "पण हाड कुठाय?" म्हणून हिरमुसून बसलेली मी पुष्कळदा पाहिली आहेत. डायनोसॉरची सोय वेगळी आहे, ती रविवारच्या बेतात सांगते.

आजीला मात्र अमोनाईट लगेच ओळखीचा वाटेल. देवघरातला शाळिग्राम फोडला तर आत जी चक्राकार खूण दिसते, ती अमोनाईटचीच. गंडकी नदीतून येणारे शाळिग्राम हिमालयात उचलल्या गेलेल्या जुन्या समुद्रतळातले, इथले डॉर्सेटचे, पण कूळ एकच. इंग्लंडात लोक त्यांना सापाचे दगड म्हणायचे, बेलेम्नाईटला विजेचे बाण आणि ग्रिफिया नावाच्या वाकड्या शिंपल्याला सैतानाची नखं. आपण दगडात विष्णू बघितला आणि त्यांनी सैतान, यावर एका आजोबांनी मला बीचवर अर्धा तास व्याख्यान दिलं होतं.

आता किनाऱ्याची रचना, फक्त कामापुरती. एक्समथजवळच्या ऑरकम पॉइंटपासून स्टडलंडजवळच्या ओल्ड हॅरी सुळक्यांपर्यंत हा साधारण १५५ किलोमीटरचा पट्टा. २००१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. थर पूर्वेकडे हलकेच कललेले आहेत, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेला चालत गेलं की जुन्याकडून नव्याकडे जातो: आधी ट्रायासिकचं तांबडं वाळवंट, मग ज्युरासिकचे समुद्र, मग क्रेटेशसचा पांढरा खडू. एकूण १८.५ कोटी वर्षांचा हिशेब. तुमच्या बाबांना नाशिकचे डोंगर माहीत असणारच. ओल्ड हॅरीचा तो पांढरा खडू साचून झाला आणि त्यानंतर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, नाशिकच्या डोंगरांचा लाव्हा वाहिला. म्हणजे हा किनारा जिथे संपतो, त्याच्या जरा पुढे आपला सह्याद्री सुरू होतो, काळाच्या हिशेबाने. महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हावर बसलेला असल्याने आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्री जीवाश्म फक्त संग्रहालयाच्या काचेमागे बघितलेले असतात.

लाइमजवळच्या कड्यात राखाडी चुनखडी आणि काळपट मऊ मातीचा दगड एकाआड एक असे थर दिसतात, पाट्यांची चळत लावल्यासारखे. याला ब्लू लायस म्हणतात. पृथ्वीच्या कक्षेत आणि कलात हजारो वर्षांच्या अंतराने थोडे बदल होतात, त्याप्रमाणे हवामान पालटायचं आणि समुद्राच्या तळाशी कधी चुन्याचा गाळ जास्त साचायचा, कधी चिकणमाती. त्याच्या वर चारमथच्या मऊ मातीचे जाड थर, आणि अगदी वर पिवळसर वालुकाश्म. गोल्डन कॅप हा १९१ मीटरचा कडा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सगळ्यात उंच, त्याच पिवळ्या टोपीमुळे त्या नावाचा.

ही रचना लक्षात ठेवा, कारण जीव धोक्यात येतो तो हिच्यामुळे. वरच्या वालुकाश्मातून पावसाचं पाणी आरामात झिरपतं, खालच्या मातीशी येऊन अडतं, आणि मग वरचा सगळा भार त्या ओल्या, बुळबुळीत पृष्ठभागावरून समुद्राकडे घसरायला लागतो. लाइम आणि चारमथच्या मधला ब्लॅक व्हेन हा कडा असाच कायम वाहता असतो. ६ मे २००८ ला तिथे सुमारे ४०० मीटर लांबीचा कडा खाली आला, त्यात गावाचा जुना उकिरडाही होता. म्हणून अजून त्या भागात अमोनाईटच्या शेजारी फुटक्या बाटल्या आणि गंजलेले पत्रे दिसतात. मुलाला तिथे हातमोजे घाला.

आपल्या घाटात जुलैमध्ये गाडी चालवलेल्या माणसाला दरड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण आपल्या मनात दरड आणि मुसळधार पाऊस यांची गाठ इतकी पक्की असते की कोरड्या, उन्हाच्या दिवशी आपण निर्धास्त होतो. इथे तसं नाही. बर्टन ब्रॅडस्टॉकजवळ जुलै २०१२ मध्ये दिवसाढवळ्या कडा कोसळून एका तरुणीचा जीव गेला. त्यामुळे कड्याच्या पायथ्याशी सावलीत चटई टाकून डबे उघडायचे नाहीत. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपली कुटुंबं नेमकं तेच करतात. वारा लागत नाही, ऊन लागत नाही, पोहे छान खाता येतात. आणि वरून मुठीएवढा दगड सुटला तरी पुरतो.

चिखलाचंही तेच. दरडीचा चिखल वरून वाळून पापुद्रा धरतो, टणक वाटतो. पहिल्याच वर्षी मी शहाणपणा करून चिखलाच्या अशा एका पट्ट्यावरून शॉर्टकट घेतला आणि मांडीपर्यंत आत गेले. सोबत असलेल्या मैत्रिणीने फळी टाकून ओढून काढलं, पण डावा बूट अजून तिथेच आहे. वीस लाख वर्षांनी कुणाला सापडला तर त्यांचं नशीब. कोणी अडकलंच तर ओढाओढी न करता ९९९ फिरवा आणि कोस्टगार्ड मागा.

म्हणजे मग लोक तिथे जातात कशाला? कारण जीवाश्म मिळतात तेही त्याच पडझडीमुळे. कडा पडला नाही तर आतलं काही बाहेर येत नाही. बाहेर आलेलं कुणी उचललं नाही तर समुद्र काही दिवसांत-महिन्यांत घासून त्याची वाळू करतो. तुमच्या दंडाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आपल्याकडे वारसा म्हटलं की हात लावू नये अशी शिकवण, आणि ती बरोबरच आहे. इथे मात्र हा किनारा झिजत राहणं हाच त्याचा वारसा. लाइम रीजिस ते बर्टन ब्रॅडस्टॉक या पट्ट्यासाठी जीवाश्म गोळा करण्याची एक आचारसंहिता ठरलेली आहे. तिचा मथितार्थ असा: बीचवर सुटं पडलेलं खुशाल उचला, कडा खणू नका, आणि काही महत्त्वाचं, म्हणजे मोठा सांगाडा किंवा ओळखू न येणारी कवटी वगैरे मिळालं तर चारमथ हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये नोंद करा. पण हा नियम त्याच पट्ट्याचा. चेसिल बीचवरचे गोटे उचलायला बंदी आहे, बडली सॉल्टरटनचेही. लाइमच्या पश्चिमेला मॉनमथ बीचवर अमोनाईटचा प्रसिद्ध फरसबंद थर आहे, परातीएवढाली चक्रं दगडात बसलेली. तो बघायचा, त्यावर हात फिरवायचा, फोटो काढायचे, बस. हातोडा तिथे काढूसुद्धा नका.

उचलून नेण्याची ही परंपरा पर्यटनाइतकीच जुनी आहे. नेपोलियनच्या लढायांमुळे युरोपची वाट बंद झाली तेव्हा इंग्लंडमधले पैसेवाले हवापालटासाठी स्वतःच्याच किनाऱ्यांवर यायला लागले. लाइममधला रिचर्ड ॲनिंग नावाचा सुतार त्यांना किनाऱ्यावरच्या गमती विकून चार पैसे जोडायचा. तो १८१० मध्ये गेला, कर्ज मागे ठेवून. पुढच्या वर्षी मुलगा जोसेफला एक लांबलचक कवटी सापडली आणि १८१२ मध्ये धाकट्या मेरीने बाकीचा सांगाडा शोधला. मेरी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तो इक्थिओसॉर २३ पौंडांना गेला. १८२३ मध्ये तिला संपूर्ण प्लेसिओसॉर, हाही समुद्रातला सरपटणारा प्राणी, मिळाला. त्याची मान इतकी लांब की पॅरिसमध्ये बसलेल्या क्युव्हिए या नामवंत जीवाश्मतज्ज्ञाला आधी ते बनावट वाटलं. १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्याचं वर्णन वाचलं गेलं, मेरीचं नाव न घेता. त्या संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतलं ते १९१९ मध्ये. मेरी १८४७ मध्येच वारली होती.

तिचं कौतुक पाठ्यपुस्तकांत आता भरपूर आहे. मला तिच्याकडून शिकण्यासारखं वाटतं ते तिचं वेळापत्रक. ती हिवाळ्यात जायची, वादळानंतर, दरड ताजी असताना, भरतीच्या आधी परत यायच्या घाईत. ट्रे नावाचा तिचा कुत्रा १८३३ मध्ये अशाच एका दरडीखाली तिच्या डोळ्यांदेखत गेला, अगदी हाताच्या अंतरावर. दोनशे वर्षांत इथे सगळं बदललं असेल, हा हिशेब बदललेला नाही.

दरड बघायला गर्दी करणंही नवीन नाही. १८३९ च्या नाताळात लाइमच्या पश्चिमेला बिंडन इथे एक अख्खा तुकडा जमिनीपासून सुटून समुद्राकडे सरकला, वरच्या पेरलेल्या गव्हासकट. पुढच्या उन्हाळ्यात त्या गव्हाची कापणी बघायला जत्रा लोटली, शेतकऱ्यांनी तिकीट लावलं, आणि त्या दरडीच्या नावाने नाचाचं संगीतसुद्धा निघालं. तेव्हा ऑगस्टमध्ये चारमथच्या पार्किंगमध्ये जागा मिळाली नाही तर एकविसाव्या शतकाला दोष देऊ नका.

ऑगस्टचंच बोलायचं तर तो जीवाश्मांसाठी तसा पडेल महिना. समुद्र शांत, ताजी पडझड कमी, आणि रोज शेकडो लोक तीच वाळू चाळत असतात. "नक्की सापडतील का?" याला माझं उत्तर: ओहोटीच्या वेळी दोन तास नीट शोधलं तर बेलेम्नाईटचे तुकडे जवळजवळ नक्की, छोटा अमोनाईट बहुधा, मणका मिळाला तर पेढे वाटा. आधीचे दोन-तीन दिवस वारा-पाऊस झाला असेल तर पारडं तुमच्या बाजूने झुकतं, पण तेव्हाच कडाही जास्त सुटा असतो.

आता शोधायचं कसं. हातोडा पहिल्या दिवशी नकोच. नवखे लोक कड्याखाली उभे राहून दिसेल तो दगड फोडत बसतात. चिपा डोळ्यात जातात आणि आत काही नसतं. त्यापेक्षा कड्यापासून लांब, पाण्याच्या बाजूला, बारीक खडीचे काळपट पट्टे शोधा. चारमथचे लहान अमोनाईट पुष्कळदा पायराईटचे, म्हणजे फसव्या सोन्याचे असतात. चिखलात प्राणवायू नव्हता, जिवाणूंनी गंधक सोडलं, ते लोहाशी मिळून शिंपल्याच्या पोकळ खणांत भरलं, आणि साचा तयार झाला. हे पायराईट साध्या खड्याच्या जवळजवळ दुप्पट जड. आजी तांदूळ रोळते तेव्हा खडे कसे तळाशी राहतात? समुद्र दिवसातून दोनदा हा बीच रोळतो. हलकं वाहून जातं, जड एका जागी बसतं. म्हणून जिथे गंजकी, जड, चकचकीत खडी एकत्र दिसेल तिथे गुडघे टेकून बसा आणि अर्धा तास हलू नका.

गेल्या वर्षी एक मुलगी अशी बसली होती. वीस मिनिटं काही नाही. बाप कंटाळून पुढे गेला. मी तिला म्हटलं, गोल शोधू नकोस, रेघा शोध. दगडावर सरळ रेघा निसर्ग सहज काढतो, पण एकसारख्या अंतराने वळत गेलेल्या रेघा सहसा जीवच काढतो. दोन मिनिटांत तिने हरभऱ्याएवढा अमोनाईट उचलला, पितळेसारखा, प्रत्येक वळी मोजता येईल असा. मग एकामागून एक पाच. डोळ्याला एकदा सवय झाली की झाली.

वेळेचं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापील किंवा ऑनलाइन मिळतं, लाइम रीजिसचं बघायचं. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग ठाऊक असतात, तेच इथे लागू. अमावस्या किंवा पौर्णिमा उलटून एक-दोन दिवसांत पाणी सगळ्यात लांब जातं, आणि या किनाऱ्यावर अशी मोठी ओहोटी साधारण दुपारच्या सुमारास येते. तुमच्यासाठी उत्तमच. आईंच्या कालनिर्णयात तिथी बघून शनिवार निवडा, पण तास-मिनिटं वेळापत्रकातूनच घ्या. पाणी उतरत असताना, नीचांकाच्या दोन तास आधी उतरा, आणि पाणी चढायला लागलं की परत फिरा. लाइमहून चारमथला किनाऱ्याने चालत जायचा मोह आवरा. मध्ये ब्लॅक व्हेनखाली भरती आली की एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला चिखल, आणि वर चढायला वाट नाही.

आता तुमचा बेत. डर्डल डोअर आणि चारमथ एका दिवसात होत नाही. म्हणजे गाडीने होतं, तासाभराहून जास्त लागतो, पण मग ओहोटी तरी चुकते किंवा आईंचे गुडघे तरी जातात. शनिवारी फक्त चारमथ. पार्किंगपासून बीच जवळ आहे, आणि हेरिटेज सेंटर त्याला लागूनच, प्रवेश मोफत. आई-बाबा तिथे बसून नमुने बघू शकतात, खडीवरून चालायची गरज नाही. तिथल्या मार्गदर्शकांची फेरी आधी नोंदवून ठेवा, ऑगस्टमध्ये ऐनवेळी मिळत नाही. सापडलेलं ओळखूनही तिथेच देतात. उतरत्या दुपारी लाइमला जा. म्युझियम मेरी ॲनिंगच्या जन्मघराच्या जागेवर आहे, २०२२ मध्ये उभारलेला तिचा पुतळाही जवळच, सोबत ट्रे. लाइमचे रस्ते चढाचे आहेत, एवढं आईंना सांगून ठेवा.

रविवारी पूर्वेकडे. डर्डल डोअर सकाळी लवकर, आणि कमान वरूनच बघा. खाली पायऱ्या उतरणं सोपं वाटतं, चढताना आईंना त्रास होईल. मग किमरिजचं एचेस कलेक्शन हे जीवाश्मांचं संग्रहालय: प्लायोसॉर या समुद्री शिकारी प्राण्याची सुमारे दोन मीटर लांबीची कवटी, कड्यात दोरीला लटकून काढलेली. मुलाचं समाधान तिथेच होईल. उरलंसुरलं लँगटन मॅट्रेव्हर्सजवळच्या स्पायवे खाणीत. तिथे सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरच्या पावलांचे शंभराहून जास्त ठसे उघड्यावर आहेत, आणि वाट बऱ्यापैकी सपाट आहे. ही त्याची डायनोसॉरची सोय. ठशात पाय ठेवून फोटो निघतो, त्यापुढे कुठल्याही हाडाची आठवण येत नाही.

शेवटचं, जे कुणी विचारत नाही आणि मग वर्षभराने मला फोटो पाठवतात. सापडलेले अमोनाईट आजी नाशिकला नेणार असतील तर आधी दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला, म्हणजे मीठ निघेल. मग पूर्ण वाळवा. पायराईटला दमट हवा सोसत नाही. त्याचं हळूहळू आम्ल आणि पांढरट-पिवळी पूड होते. मी डोंबिवलीच्या मावशीला एका डबीत सात अमोनाईट दिले होते, तिने कौतुकाने शोकेसमध्ये कापसावर मांडले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर डबीत भुकटी होती आणि कापसाला भोकं पडली होती. घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवले तर टिकतात, फक्त पुड्या अधूनमधून बदलाव्या लागतात. एवढा व्याप नको असेल तर आजीला बेलेम्नाईट द्या. तो कॅल्साईटचा असतो, त्याला आपल्या पावसाळ्याचं काही वाटत नाही.